अर्जातील चूक कोणाची?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतील स्त्रियांना १८ सप्टेंबर २०२५ च्या शासकीय आदेशानुसार आपली ओळख संकेतस्थळावर नव्याने सिद्ध करावी लागली. दरमहा दीड हजार रुपयांचे साहाय्य पुढे चालू राहण्यासाठी ही अट होती. पडद्यावरील त्या अर्जात एक विधान होते. कुटुंबातील सदस्य नियमित अथवा कायम कर्मचारी म्हणून सरकारी विभागात, उपक्रमात किंवा मंडळात कार्यरत नाहीत, तसेच निवृत्तिवेतन घेत नाहीत, अशा आशयाचे ते विधान. आणि त्यापुढे निवडीसाठी दोनच शब्द, होय आणि नाही. ज्या घरात कधी कोणी सरकारी नोकरीचे तोंड पाहिलेले नाही, त्या घरातील बाईने प्रामाणिकपणे ‘नाही’ या शब्दावर बोट ठेवले. यंत्राने दोन नकारांचा होकार केला आणि शेतमजुराची बायको सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबात जाऊन बसली. तिचा हप्ता थांबला.

मराठीत नकारार्थी प्रश्नाला नकारानेच दुजोरा देण्याची रीत आहे. ‘घरी कोणी नोकरीला नाही ना?’ असे विचारले, तर पैठणपासून सोयगावपर्यंतची कोणतीही बाई ‘नाही’ असेच म्हणेल आणि ऐकणाऱ्याला तिचा अर्थ क्षणात कळेल. ‘होय, नाहीत’ असे उत्तर मनात जुळवून पहिल्या पर्यायावर बोट ठेवणे हे शपथपत्रांची भाषा रोज हाताळणाऱ्यालाच सुचते. ज्या कोणी तो प्रश्न रचला, त्याने तो मंत्रालयातून उतरून एखाद्या कामवाल्या बाईला एकदा मोठ्याने वाचून दाखवला असता, तर पुढचा सारा अनर्थ टळला असता. पण तसे झाले नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये शासनाने ठरवले की, अशा स्त्रियांची अंगणवाडी सेविकांनी प्रत्यक्ष पडताळणी करावी. म्हणजे माणसाला बाजूला सारून यंत्र आणले, यंत्राने घोटाळा केला आणि तो निस्तरण्यासाठी पुन्हा माणूसच धाडला. तोही असा की ज्याला सरकार स्वतःचा कर्मचारी मानण्यास तयार नाही आणि ज्याच्या हातावर वेतनाऐवजी मानधन ठेवते.

संकेतस्थळावरील नोंदणी-अर्जांत होणाऱ्या चुकांकडे आजवर संगणकवाल्यांचा विषय म्हणून पाहिले गेले. ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा तात्पुरती बंद आहे’ अशी पाटी पडद्यावर झळकते आणि सारे गप्प बसतात. या वाक्याचे व्याकरण मोठे सोयीचे आहे. त्यात कर्ता नाही. अडचण कोणी निर्माण केली, किती दिवस राहणार, तोवर अर्जाची मुदत थांबणार की चालू राहणार, यातील कशाचाही उलगडा त्यात नाही. उलट नागरिकाकडून एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर त्या चुकीला कर्ता असतो, त्याचे नाव असते आणि शिक्षाही असते: अर्ज नामंजूर. राज्याची चूक म्हणजे अडचण आणि नागरिकाची चूक म्हणजे अपात्रता, असा हा दुहेरी न्याय आहे.

महाराष्ट्राने याचा मोठा धडा २०१७ मध्ये घेतला होता. निदान घ्यायला हवा होता. त्या वर्षी १ जूनपासून पुणतांब्याच्या शेतकऱ्यांच्या पुढाकाराने राज्यात शेतकऱ्यांचा संप झाला. त्याच्या दबावाने फडणवीस सरकारने २४ जून रोजी दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा केली. रक्कम सांगितली गेली ३४ हजार कोटी, लाभार्थी ८९ लाख. कर्ज बँकेने दिलेले, कर्जाच्या खात्याचा सारा तपशील बँकेत, जमिनीचा सारा तपशील तलाठ्याकडे. तरीही आपण कर्जदार आहोत हे शेतकऱ्याने संकेतस्थळावर जाऊन, पती-पत्नीच्या आधार क्रमांकासह, अंगठा उमटवून सांगावे अशी अट घातली गेली. जुलैच्या अखेरीस अर्ज सुरू झाले. खरिपाची निंदणी-खुरपणी सोडून माणसे सेवा केंद्रांपुढे बसू लागली. दिवसा संकेतस्थळ चालेना म्हणून केंद्रे रात्री उघडी ठेवावी लागली. मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरवर गेली. ५६ लाखांहून अधिक अर्ज भरले गेले.

मग १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, निवडक शेतकरी दांपत्यांना समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच उघड झाले की, याद्यांमध्ये अनेक वेगवेगळ्या शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आणि एकच बचत खाते आहे. यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. सरकारने बँकांकडे बोट दाखवले, बँकांनी सरकारने मागितलेल्या रकान्यांकडे. शेतकऱ्याने रांगेत उभे राहून जे भरून दिले होते, त्याचा पडताळा पाहण्यासाठी पुन्हा बँकेकडेच जावे लागले. तसे होते, तर तो अर्ज भरून घेतला कशासाठी? याचे उत्तर उघड आहे. खोटे अर्जदार गाळण्यासाठी. शेतकरी खोटे बोलतो, हे गृहीत धरून अर्ज रचला होता. बँकेचा तक्ता खोटा असू शकतो, हे कोणी गृहीत धरलेच नव्हते.

याला पर्याय नव्हता असेही नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, ठाकरे सरकारने महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर केली. तेव्हा शेतकऱ्याकडून अर्ज मागितला नाही. बँकांनी याद्या दिल्या, २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली, ती गावात लावली गेली, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक होता आणि शेतकऱ्याचे काम उरले ते केवळ आधार प्रमाणीकरणाचे. आकडा किंवा ओळख पटत नसेल तर तक्रार ऐकण्यासाठी जिल्ह्यात समिती होती. त्या योजनेतही तक्रारी राहिल्या, नियमित कर्ज फेडणाऱ्यांचा प्रश्न तर फार दिवस रेंगाळला. पण नोंदणीचा जो छळ २०१७ मध्ये झाला, तो झाला नाही. कारण ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच ती द्यावी, हा साधा नियम पाळला गेला.

त्याहून बोलकी गोष्ट २०१७ च्याच उन्हाळ्यातील आहे. सातबाराचे संगणकीकरण करताना उताऱ्यांमध्ये असंख्य चुका शिरल्या होत्या; क्षेत्र कमी-अधिक, नावे गळालेली, खाती एकमेकांत मिसळलेली. त्या शोधण्यासाठी महसूल खात्याने गावोगाव चावडी वाचन केले. तलाठ्याने उतारे मोठ्याने वाचायचे, गावाने ऐकायचे, जिथे चूक असेल तिथे हात वर करायचा. आणि हात वर केल्यावर पुढे जाण्यासाठी कायद्यात वाट होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये अधिकार-अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या विधिमंडळाला हे ठाऊक होते की, सरकारी कारकून चुकतो, त्याच्या लेखणीतून झालेली चूक ही जमिनीच्या मालकाची चूक नव्हे आणि ती दुरुस्त करणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. ज्या राज्याने मे महिन्यात यंत्राच्या चुका चावडीवर वाचून दाखवल्या, त्याच राज्याने जुलैत शेतकऱ्याला यंत्रापुढे एकट्याने उभे केले. संकेतस्थळाला कलम १५५ नाही, हेच आजचे खरे दुखणे आहे.

मराठवाड्यात हे दुखणे अधिक खोल जाते. या प्रदेशाचे दप्तर एकदा नव्हे, अनेकदा लिपी बदलत आले आहे. निजामाच्या राजवटीतील महसुली कागद उर्दूत, त्याआधीचे आणि सोबतचे मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कारभार हळूहळू नागरीत आला आणि आता तोच मजकूर रोमन अक्षरांत चढवला जात आहे. लिपी बदलताना प्रत्येक वळणावर नावाचा कुठला ना कुठला कोपरा झिजतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन अभिलेख उघडावे लागले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे मिळवण्यापासून तयारी करावी लागली. एका शब्दाच्या नोंदीवर एका घराण्याचे शिक्षण आणि नोकरी कशी अवलंबून असते, हे त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्या समाजाची नावे तीन लिप्यांतून प्रवास करून आली, त्याला ‘आधारवरील नाव आणि बँकेतील नाव अक्षरशः जुळले पाहिजे’ असे सांगणे म्हणजे इतिहासाचा दंड वर्तमानाकडून वसूल करणे होय.

नावांचे हे प्रकरण एकदा जवळून पाहण्याजोगे आहे. शाळेच्या दाखल्यावर कौसल्या, मतदारयादीत कौशल्याबाई, शिधापत्रिकेवर कौसाबाई आणि घरात कौसा; ही चार माणसे नव्हेत, एकच बाई आहे, हे गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लग्नानंतर तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, क्वचित पहिले नावही बदलते. लक्ष्मीचे रोमन स्पेलिंग दोन प्रकारे, वाघमारेचे दोन प्रकारे, शिंदेचे दोन प्रकारे होते. कोणते खरे हे ज्या दिवशी जो टंकणारा बसला असेल त्याच्या मर्जीवर ठरले. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. जन्मतारखेची तऱ्हा तर सर्वांना परिचित आहे. पोराला शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिला, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि वय बसवायचे असते. आधारची नोंद करताना केवळ वय सांगितले गेले, म्हणून तिथे १ जानेवारी पडली. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, यावर विनोद पुष्कळ झाले. पण निवृत्तिवेतनाचा, शिष्यवृत्तीचा वा निराधार योजनेचा अर्ज त्या पाच महिन्यांच्या फरकावर अडकतो, तेव्हा तो विनोद राहत नाही. या दोन्ही तारखा सरकारी यंत्रणेनेच लिहिल्या आहेत. ज्याचा जन्म झाला, त्याला कोणी विचारलेही नव्हते.

खुद्द या शहराच्या नावाचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतराच्या राजकारणाची चर्चा इथे प्रस्तुत नाही. प्रश्न एवढाच की, इथे राहणाऱ्या प्रौढ माणसाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, पदवी, जमिनीचे जुने खत, साऱ्यांवर औरंगाबाद आहे. नव्या अर्जातील जिल्ह्यांच्या यादीत दुसरे नाव आहे आणि ज्या यादीत जुने नाव अजून शिल्लक आहे तिथे बिहारमधील औरंगाबाद जिल्हाही त्याच नावाने उभा असतो. सुशिक्षित माणूस यातून वाट काढतो. वाळूजच्या वसाहतीत कंत्राटावर राबणारा, दुसऱ्याच्या हातून अर्ज भरून घेणारा कामगार काढू शकत नाही. नाव बदलण्याचा अधिकार सरकारला असेल, तर जुन्या नावाचा प्रत्येक कागद नव्या नावाचाच समजण्याचे कर्तव्यही त्याच सरकारचे आहे, आणि ते यंत्राला शिकवणे मुळीच अवघड नाही.

नावे जुळली तरी पुढे अंगठा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या माणसांच्या बोटांवरील रेषा कामाने झिजतात. यंत्र ते बोट ओळखत नाही. ज्या कष्टांचा मोबदला किंवा ज्या कष्टकऱ्याचा हक्क मागायचा, त्या कष्टांनीच तो मागण्याचे साधन पुसून टाकलेले असते. अंगठ्याऐवजी भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक अंक चालतो, पण भ्रमणध्वनी घरात एक आणि तो नवऱ्याजवळ; नोंदवलेला क्रमांक चार वर्षांपूर्वीच बंद पडलेला. लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत पती किंवा पित्याच्या आधारवर येणारा अंक मागितला गेला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत त्या विधवांनी काय करावे, याचा विचार अर्ज रचताना झाला नव्हता. ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी मृत्यूचा दाखला देण्याची वेगळी वाट काढण्यात आली आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. विधवा हा या देशातील अपवाद नाही. मराठवाड्यात तर, शेतकरी आत्महत्यांच्या इतक्या वर्षांनंतर, मुळीच नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्याची माती वाहून नेली. मदत जाहीर झाली. ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक होता, त्यांना मदतीसाठी पुन्हा ओळख पटवण्यातून सूट मिळाली. निर्णय योग्यच होता. पण हा क्रमांक कोणाकडे नव्हता, हेही पाहिले पाहिजे. ज्यांची जमीन अजून आजोबांच्या नावे आहे, ज्यांचे खाते चार भावांत सामाईक आहे, नवऱ्यामागे ज्या बाईचे नाव सातबाऱ्याला लागलेलेच नाही, जो दुसऱ्याची जमीन बटाईने करतो, अशांकडे नव्हता. यंत्र कोणाला वगळायचे ते स्वतः ठरवत नाही. गावातील सत्तेने आधीच ज्यांना कागदाबाहेर ठेवले, त्यांना ते पुन्हा एकदा, अधिक वेगाने, बाहेर ठेवते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. जुनी कागदी व्यवस्था काय फार दयाळू होती? तलाठ्याच्या दारातील हेलपाटे, टेबलाखालचे पैसे, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ही कायमची सबब, हे सारे याच जनतेने सोसले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तेव्हा लाखो शेतकऱ्यांची एक चक्कर आणि एक लाचारी वाचली. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या सातबाऱ्यात आणि या अर्जांत एक मूलभूत भेद आहे. सातबारा मिळतो, तेव्हा यंत्र राज्याची माहिती नागरिकाला देते. नोंदणी-अर्जात यंत्र नागरिकाची परीक्षा घेते. पहिल्या ठिकाणी यंत्र चाकर आहे, दुसऱ्या ठिकाणी परीक्षक; आणि परीक्षकाला जाब विचारण्याची सोय नसेल तर तो तलाठ्याहून वाईट. तलाठ्याशी निदान भांडता येत होते. शिवाय मध्यस्थ गेला हेही खरे नाही. तो चौकातल्या दुकानात संगणक घेऊन बसला आहे, शासनाने ठरवलेल्या शुल्कापेक्षा किती जास्त घ्यायचे हे गर्दी पाहून ठरवतो, स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक दहा जणांच्या अर्जात घालून मोकळा होतो, आणि सहा महिन्यांनी तो क्रमांकच त्या दहा जणांच्या अपात्रतेचे कारण ठरतो.

दुसऱ्या बाजूला, शेंद्रा-बिडकीनमध्ये कारखाना काढू इच्छिणाऱ्या गुंतवणूकदाराला राज्य एक खिडकी देते. त्याच्या अर्जातील उणीव काढून टाकण्यासाठी अधिकारी स्वतः दूरध्वनी करतो. त्यात गैर काही नाही. तेच सौजन्य इमारत बांधकाम कामगाराला का नसावे, एवढाच प्रश्न आहे. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी त्याने वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला जोडायचा असतो. मजूर नाक्यावर उभा राहणारा माणूस वर्षात वीस ठेकेदारांकडे राबतो. त्यातला कोणता ठेकेदार त्याला कागद लिहून देईल? संकेतस्थळावर तो रकाना लाल होतो, इतकेच. याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, तेव्हा हमालाची नोंदणी ही त्याची कटकट न राहता मंडळाची आणि मालकाची जबाबदारी झाली होती. नोंदणी म्हणजे संरक्षणाची सुरुवात, हा त्या कायद्याचा अर्थ होता. आता नोंदणी म्हणजे चाळणी.

भाषेविषयी तर बोलावे तितके थोडे. मराठी ही १९६४ च्या कायद्याने राज्याची राजभाषा आहे. अर्जाचे मथळे मराठीत असतातही. पण चूक झाली की यंत्र इंग्रजीत बोलू लागते. ‘इनव्हॅलिड इनपुट’, ‘सेशन एक्स्पायर्ड’, ‘डेटा मिसमॅच’. गोडीगुलाबी मातृभाषेत आणि दटावणी परभाषेत, असा हा कारभार. डॉ. राममनोहर लोहिया यांनी इंग्रजीविरुद्ध आंदोलन उभारले, तेव्हा त्यांना शेक्सपियरशी वैर नव्हते. सामान्य माणसाला सत्तेच्या दारातून परत पाठवणारी भाषा म्हणून ते तिच्याकडे पाहत होते. ते दार आता पडद्यावर आले आहे. आणि शुद्ध मराठीनेही भागणार नाही. ‘प्रविष्ट केलेली माहिती विसंगत आहे’ हे वाक्य इंग्रजीइतकेच परके आहे. ‘बँकेच्या पासबुकावर तुमच्या वडिलांचे नाव वेगळे लिहिले आहे, बँकेत जाऊन बदलून घ्या’ असे यंत्राला सांगता येते. त्याला तसे सांगायला शिकवणारा माणूस मात्र हवा.

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. नेदरलँड्ससारख्या संपन्न आणि कारभारात चोख म्हणवणाऱ्या देशात बालसंगोपनाच्या भत्त्यासाठी अर्ज केलेल्या हजारो पालकांना लबाड ठरवण्यात आले. पुष्कळांचा अपराध एवढाच होता की, कागदावर एखादी सही राहिली होती किंवा एखादा तपशील अपुरा होता. त्यासाठी सारा भत्ता परत मागितला गेला. कुटुंबे कर्जात बुडाली, घरे मोडली, आणि त्यात परदेशी मूळ असलेली माणसे अधिक भरडली गेली. सत्य बाहेर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तेथील संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. इकडे २०१७ च्या यादीनंतर एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. तशी अपेक्षा तरी कोणी केली होती?

यातून मार्ग कोणता? जुन्या रोजगार हमीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या कार्यकर्त्यांना तो वेगळा सांगावा लागणार नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचे मर्म पोचपावतीत होते. मजुराने कामाची मागणी लेखी द्यायची आणि तिची पोच घ्यायची. त्या दिवसापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता. म्हणूनच यंत्रणा मागणी-अर्ज नाकारत नसे, ती पोच नाकारत असे. आणि म्हणूनच संघटना कामासाठी जितक्या भांडल्या तितक्याच त्या कागदाच्या कपट्यासाठी भांडल्या. आजचे संकेतस्थळ तोच जुना डाव अधिक सफाईने खेळते. अर्ज पूर्ण भरला गेला तर क्रमांक मिळतो. मध्येच अडकला तर काहीच घडलेले नसते. तीन दिवस रांगेत घालवलेल्या बाईने अर्ज करण्याचा प्रयत्न केला होता, याची नोंद जगात कुठेही राहत नाही. मंत्री विधानसभेत सांगतात की, इतके अर्ज आले आणि इतके मंजूर झाले. जे येऊच शकले नाहीत, त्यांचा रकानाच नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्यात अर्जाची पोच आहे, ठरलेली मुदत आहे, खात्यातच दोन अपिले आहेत, त्यावर आयोग आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा चांगला आहे. पण तो अधिसूचित सेवांपुरता आणि दाखल झालेल्या अर्जापुरता. म्हणून पहिली मागणी ही असावी की, अपुरा राहिलेला प्रयत्नही दाखल अर्ज मानावा, त्याला क्रमांक द्यावा आणि हक्काची तारीख त्या दिवसापासून मोजावी. संकेतस्थळ जितके तास बंद, तितके तास मुदत आपोआप पुढे जावी. त्यासाठी मोर्चा काढण्याची आणि मंत्र्याने उपकार केल्यासारखी घोषणा करण्याची गरज उरू नये. ज्या कारणाने अर्ज अडला ते कारण आणि ते दूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद एकाच कागदावर छापून मिळावे. नाव व जन्मतारीख यांतील फरक ग्रामसेवकाच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने मिटवता यावा. आणि कोणताही नवा अर्ज राज्यभर खुला करण्यापूर्वी तो सोयगाव, वैजापूर किंवा फुलंब्रीसारख्या तालुक्यात शंभर माणसांकडून, दुकानदाराच्या मदतीशिवाय, भरून पाहावा. त्यांतील किती अडले आणि कुठे अडले, ते प्रसिद्ध करावे.

सरकार हे करेपर्यंत संघटनांनी वाट पाहण्याचे कारण नाही. अर्ज अडला की पडद्याचे छायाचित्र घ्यावे. त्यात तारीख, वेळ आणि यंत्राने लिहिलेले शब्द यावेत. त्याच दिवशी साध्या कागदावर, अर्ज भरण्याचा प्रयत्न केला आणि अमुक कारणाने तो स्वीकारला गेला नाही, एवढे लिहून तहसील कार्यालयाच्या बारनिशीत द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. बारनिशीतील कारकून ‘हे ऑनलाइन आहे, इथे चालत नाही’ म्हणेल. त्याला शांतपणे सांगावे की, अर्ज देण्यात आलेला नसून तक्रार देण्यात आली आहे, आणि तक्रार घेणे त्याचे काम आहे. एकट्याने गेले तर तो ऐकणार नाही. वीस जणी गेल्या तर ऐकेल. अशा शंभर पोचा एका तालुक्यात जमल्या की, माहितीच्या अधिकाराखाली त्यांचे काय झाले हे विचारता येते, आणि तीच पोच उद्या उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठापुढे पुरावा म्हणून उभी राहू शकते.

गावात याहूनही सोपे काम आहे. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी आणि ज्याचा कोणताही अर्ज संकेतस्थळावर अडला, त्याचे नाव, योजना, तारीख आणि कारण तीत लिहावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतातच. तिथे ती वही मोठ्याने वाचावी, जसे २०१७ मध्ये सातबारे वाचले गेले, आणि प्रत्येक नावापुढे ग्रामसेवकाने पुढे काय केले ते त्याच सभेत विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावे.